बोटे मोडण्याने सांधे बिघडतात काय?

बोटे मोडण्याची सवय सर्व देशांतील आणि सर्व वयांच्या माणसांत आढळते. लिहिता लिहिता हात अवघडला, बैठक लांबली किंवा परीक्षेपूर्वी मन अस्वस्थ झाले, की पुष्कळ माणसे नकळत एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे ओढतात किंवा मागे वाकवतात. ‘कट्’ असा आवाज निघतो आणि बोट मोकळे झाल्यासारखे वाटते. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र तोच आवाज ऐकून शहारे येतात, कारण हाड मोडल्याचा भास त्याला होतो.

भारतीय कुटुंबांत ह्या आवाजाला काही अर्थही प्राप्त झाले आहेत. लहान मुलाची दृष्ट काढताना आजी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवते आणि आपल्या कानशिलावर टेकवून कडाकडा बोटे मोडते. उत्तर भारतातही ‘बलाया’ घेण्याची अशीच रीत आहे. उलट एखाद्याविषयी मनात राग असला म्हणजे त्याच्या ‘नावाने बोटे मोडणे’ हा मराठीतील नित्याचा वाक्प्रचार होय. मायेसाठी आणि रागासाठी एकच क्रिया वापरली जाते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. परंतु तीच क्रिया एखादा मुलगा विनाकारण करू लागला, तर घरातील वडीलधारी माणसे त्याला बजावतात, ‘बोटे मोडू नकोस, म्हातारपणी सांधे धरतील.’ हाच इशारा इंग्लंड-अमेरिकेतील आयाही आपल्या मुलांना देत आल्या आहेत.

हा इशारा खरा आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि त्याच्या उत्तरातून दोन महत्त्वाच्या गोष्टी शिकता येतात. एक, आपल्या सांध्यांची घडण आणि त्यांचे कार्य. दुसरी, एखादी सवय अपायकारक आहे किंवा नाही हे शास्त्र कोणत्या रीतीने ठरवते. पहिली गोष्ट जाणल्याने अनाठायी भीती दूर होते आणि दुसरी जाणल्याने खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होत नाही.

सांध्याची रचना

दोन हाडे जेथे एकत्र येतात त्या जागेस सांधा म्हणतात. कवटीच्या हाडांमधील सांधे घट्ट जुळलेले असून ते हलत नाहीत. हाताची बोटे, मनगट, कोपर, खांदा, गुडघा इत्यादी सांधे मात्र चल असतात. बोटे मोडताना बहुधा जो सांधा वाजतो, तो बोटाच्या मुळाशी, म्हणजे तळहाताचे हाड आणि बोटाचे पहिले हाड ह्यांच्या दरम्यान असतो. मूठ वळली असता जी चार टेंगळे वर येतात, ती ह्याच सांध्यांची होत.

अशा सांध्यात हाडाची टोके एकमेकांवर प्रत्यक्ष घासत नाहीत. प्रत्येक टोकावर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. कूर्चा म्हणजे लवचिक आणि चिवट असा पांढुरका पदार्थ. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि संवेदना वाहून नेणारे मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी प्रारंभी वेदना जाणवत नाही. आणि एकदा झिजल्यावर ती पूर्ववत भरून येणे फार कठीण असते.

दोन्ही हाडांच्या टोकांभोवती एक बंद पिशवी असते. तिला संधिकोश म्हणता येईल. ह्या कोशाला बाहेरून बळकट अस्थिबंधांचा आधार असतो. कोशाच्या आतल्या बाजूस पातळ अस्तर असून त्यातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव स्रवतो. हा संधिद्रव होय. यंत्राच्या चाकांना वंगण जे काम करते, तेच काम हा द्रव सांध्यात करतो. शिवाय रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेला पोषण पोचवण्याचे कामही त्याच्याकडे असते. बोटाच्या सांध्यातील ह्या द्रवाचे प्रमाण अत्यल्प असते; दोन कूर्चांच्या दरम्यान त्याचा केवळ एक पातळ थर असतो.

पुढील विवेचनाच्या दृष्टीने एक गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. रक्तात ज्याप्रमाणे वायू विरघळलेले असतात, त्याचप्रमाणे ते संधिद्रवातही असतात. त्यांत कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा असतो.

आवाज कशाचा?

बोटे मोडताना हाडावर हाड आपटते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. बोट ओढले असता हाडे एकमेकांपासून दूर जातात. ती आपटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मग आवाज होतो कशाने?

ह्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमधील रोस्टन आणि व्हीलर हेन्स ह्या दोन संशोधकांनी केला व तो १९४७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी बोटावर क्रमाक्रमाने वाढता ताण दिला आणि त्या वेळी सांध्याची क्ष-किरणचित्रे घेतली. आरंभी ताण वाढला तरी हाडांमधील अंतर थोडेथोडेच वाढत गेले. मग एका विशिष्ट ताणाला ‘कट्’ असा आवाज झाला आणि त्याच क्षणी हाडे एकदम दूर सरली. आवाजानंतरच्या चित्रात सांध्यामध्ये एक पोकळी स्पष्ट दिसत होती. आवाज आणि पोकळी ह्यांचा निकटचा संबंध आहे, असे ह्यावरून दिसून आले.

ही पोकळी कशी उत्पन्न होते, हे समजण्यासाठी सोडावॉटरच्या बाटलीचे उदाहरण घ्यावे. बाटली बंद असते तोवर आतील पाणी स्वच्छ व स्थिर दिसते. बूच काढताच किंवा गोळीच्या बाटलीतील गोळी आत दाबताच पाण्यावरचा दाब कमी होतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. सांध्यातही काहीसे असेच घडते. संधिकोश सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे बोट ओढले असता आतील जागा वाढते, पण ती भरून काढण्यास बाहेरून काही येऊ शकत नाही. परिणामी द्रवाचा दाब एकाएकी उतरतो आणि त्यातील वायू व बाष्प एकत्र होऊन बुडबुडा तयार होतो.

मात्र सोड्याच्या बाटलीत जे हळूहळू चालते, ते सांध्यात क्षणार्धात होते. त्याचे कारण दोन पृष्ठभागांमधील द्रवाची पकड होय. दोन सपाट काचा पाण्याने ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या आणि मग सरळ वर उचलून वेगळ्या करू लागले, तर त्या सहजासहजी सुटत नाहीत. पुरेसे बळ लावताच मात्र एकदम सुटतात. कूर्चेचे दोन ओले पृष्ठभाग असेच एकमेकांना धरून असतात व विशिष्ट बळ लावल्यावर झटक्याने अलग होतात.

येथपर्यंत सर्वांचे एकमत होते. त्यानंतर मात्र एक वाद उपस्थित झाला. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातील अन्स्वर्थ, डाउसन आणि राइट ह्यांनी १९७१ साली असे प्रतिपादन केले, की आवाज बुडबुडा तयार होताना होत नसून तो फुटताना होतो. पुष्कळ वर्षे हेच मत प्रमाण मानले जात होते. पुढे २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कॉचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने, म्हणजे ज्याला आज सामान्यतः ‘एम्. आर्. आय्.’ म्हणतात त्या तंत्राने, सांधा वाजत असतानाची चलच्चित्रे घेतली. एकाच व्यक्तीच्या हातांचे दहा सांधे एकामागून एक ओढून ही निरीक्षणे करण्यात आली. आवाज होण्याच्या वेळी सांध्यात पोकळी निर्माण होताना दिसली आणि आवाज थांबल्यावरही ती नाहीशी झाली नाही. बुडबुडा पुरता फुटल्यामुळे आवाज होत असेल, तर आवाजानंतर तो दिसता कामा नये. तेव्हा पारडे पुन्हा १९४७ च्या मताकडे झुकले.

वाद एवढ्याने मिटला नाही. विनीत चंद्रन सुजा व अब्दुल बरकत ह्या संशोधकांनी २०१८ साली गणिताच्या आधारे सांध्यातील घडामोडींचे प्रतिरूप मांडले. त्यांच्या गणितानुसार बुडबुडा पूर्ण फुटण्याची आवश्यकता नाही. तो अंशतः आकुंचन पावला तरी ऐकू येईल एवढा आवाज होऊ शकतो. असे असेल, तर आवाजानंतर बुडबुडा दिसत राहणे हे १९७१ च्या मताशी अगदीच विसंगत ठरत नाही. आवाजाचा नेमका क्षण कोणता, ह्याविषयी अशा प्रकारे मतभेद आहेत. परंतु आवाज द्रवातील बुडबुड्याशी निगडित आहे, हाडाच्या मोडण्याशी नव्हे, ह्याविषयी मतभेद नाही.

वीस मिनिटांची विश्रांती

एकदा वाजलेले बोट लगेच पुन्हा ओढले तर वाजत नाही, हा अनुभव बोटे मोडणाऱ्या प्रत्येकास असतो. त्याचे कारण आता सहज ध्यानात येईल. बाहेर आलेला वायू पुन्हा द्रवात विरघळून सांधा पूर्वस्थितीला येईपर्यंत नवा आवाज होऊ शकत नाही. त्यास साधारणपणे वीस मिनिटे लागतात, असे १९४७ च्या प्रयोगातही दिसून आले होते.

ज्या विद्यार्थ्यांना बोटे मोडण्याची सवय मुळातच आहे, त्यांना ह्याची पडताळणी करता येईल. घड्याळ समोर ठेवून एक बोट नेहमीच्या रीतीने वाजवावे. त्यानंतर दर पाच मिनिटांनी तेवढेच बळ लावून ते वाजते काय ते पाहावे व वहीत नोंद करावी. वर्गातील चारपाच विद्यार्थ्यांच्या नोंदी एकत्र केल्यास प्रत्येकाचा काळ थोडाबहुत भिन्न येईल. अशा वेळी सर्व नोंदी जशाच्या तशा मांडाव्यात. वीस मिनिटे हा आकडा आधी वाचला म्हणून तो आपल्या वहीत आणण्याचा प्रयत्न करू नये. ज्यांची बोटे सहज वाजत नाहीत, त्यांनी ती बळाने वाजवू नयेत.

अपाय होतो काय, हे कसे ठरवावे?

आवाज बुडबुड्याचा आहे, एवढ्यावरून तो निरुपद्रवी आहे असे मात्र म्हणता येत नाही. जहाजाच्या पंख्याजवळ पाण्यात असेच बुडबुडे उत्पन्न होतात आणि ते फुटत राहिल्याने धातूच्या पंख्यालाही खड्डे पडतात. मग वर्षानुवर्षे असे बुडबुडे होत राहिले, तर कूर्चा का झिजू नये? ही शंका रास्त आहे. तिचे निरसन केवळ तर्काने होत नाही. प्रत्यक्ष माणसांचे हात तपासूनच ते करावे लागते.

‘अमक्याच्या आजोबांना बोटे मोडण्याची सवय होती आणि त्यांची बोटे वाकडी झाली,’ असे सांगितले जाते. परंतु उतारवयात सांध्यांची झीज ही फार सामान्य गोष्ट आहे आणि बोटे मोडण्याची सवयही सामान्य आहे. दोन सामान्य गोष्टी एकाच माणसात पुष्कळदा एकत्र आढळणारच. ज्यांनी बोटे मोडली आणि ज्यांचे सांधे शाबूत राहिले, त्यांची आठवण कोणी काढत नाही. म्हणून सवय असलेल्यांचा एक गट आणि सवय नसलेल्यांचा दुसरा गट घेऊन, दोन्ही गटांत झिजेचे प्रमाण किती आहे, ह्याची तुलना करावी लागते.

अशी पाहणी अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झाली. तीत वृद्धाश्रमातील २८ व्यक्तींचे हात तपासण्यात आले आणि सवय व झीज ह्यांचा संबंध आढळला नाही. पण २८ ही संख्या फार लहान आहे. अमेरिकेतच १९९० साली कॅस्टेलानोस आणि ॲक्सलरॉड ह्यांनी ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या ३०० रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी ७४ जणांना बोटे मोडण्याची सवय होती, २२६ जणांना नव्हती. हाताच्या संधिवाताचे प्रमाण सवय असलेल्यांत अधिक आढळले नाही. मात्र त्यांच्यात हातावर सूज असण्याचे प्रमाण जास्त होते आणि मुठीची पकड कमी होती.

ह्या दुसऱ्या निष्कर्षामुळे बोटे मोडणाऱ्यांना सावध राहण्याचे सल्ले पुष्कळ वर्षे दिले जात. परंतु त्याच पाहणीतील आणखी एक नोंद विचारात घेतली पाहिजे. बोटे मोडणाऱ्यांमध्ये अंगमेहनतीची कामे करणारे, नखे खाणारे, धूम्रपान व मद्यपान करणारे लोकही अधिक होते. तेव्हा सूज आली ती बोटे मोडल्याने, की वर्षानुवर्षांच्या जड कामाने? दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा शास्त्रीय विचाराचा महत्त्वाचा नियम येथे स्पष्ट दिसतो.

पुढे २०११ साली अमेरिकेतील डीवेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० ते ८९ वर्षे वयाच्या २१५ व्यक्तींची माहिती गोळा केली. ह्या सर्वांच्या उजव्या हाताची क्ष-किरणचित्रे उपलब्ध होती. त्यांपैकी सुमारे २० टक्के व्यक्तींना बोटे मोडण्याची सवय होती. सवय असलेल्यांपैकी १८.१ टक्के व्यक्तींच्या हातांत झिजेचा संधिवात आढळला. सवय नसलेल्यांत हे प्रमाण २१.५ टक्के होते. ह्या आकड्यांवरून बोटे मोडल्याने सांध्यांचे रक्षण होते, असे अनुमान काढणे मात्र चूक होईल. एवढ्या संख्येत इतका फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. दोन्ही गटांत लक्षणीय भेद नाही, एवढाच त्याचा अर्थ. सवय किती वर्षांची आहे आणि दिवसातून किती वेळा बोटे मोडली जातात, ह्याचाही झिजेशी संबंध दिसला नाही. ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण एखादी सवय खरोखर अपाय करीत असेल, तर ती जितकी जास्त तितका अपाय जास्त असावयास हवा.

पकड कमी होते काय, ह्याचाही पुढे शोध घेण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४० व्यक्तींचे ४०० सांधे तपासण्यात आले. तपासणाऱ्या डॉक्टरांना कोणता सांधा वाजला आणि कोणता वाजला नाही, हे मुद्दाम सांगण्यात आले नव्हते. कारण ते आधी ठाऊक असल्यास नकळत मत बनते. सांधा वाजल्यानंतर लगेच सूज, वेदना किंवा असमर्थता उत्पन्न झाल्याचे आढळले नाही. उलट वाजलेला सांधा किंचित अधिक वळत होता. बोट मोडल्यावर मोकळे वाटते, ह्या अनुभवास त्यामुळे थोडा आधार मिळतो.

पन्नास वर्षांचा एक प्रयोग

ह्या विषयात कॅलिफोर्नियातील डॉक्टर डोनाल्ड अंगर ह्यांचे नाव विशेष प्रसिद्ध आहे. त्यांच्या लहानपणी आई व मावश्यांनी त्यांना हाच इशारा दिला होता. तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांनी पन्नास वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे दिवसातून किमान दोन वेळा मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला. वर्षाचे ३६५ दिवस धरून हिशेब केला, तर डाव्या हाताची बोटे किमान ३६,५०० वेळा मोडली गेली. अखेरीस दोन्ही हातांची तुलना केली असता एकाही हातात संधिवात आढळला नाही आणि दोहोंत दिसण्यासारखा फरकही आढळला नाही. हा वृत्तांत त्यांनी १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रथम हसू आणणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठी जे ‘इग नोबेल’ पारितोषिक देण्यात येते, ते त्यांना २००९ साली मिळाले.

ह्या प्रयोगाचे मोल काय? एकाच माणसाचे दोन हात घेतल्यामुळे वय, आहार, आनुवंशिकता हे सर्व दोन्ही बाजूंस सारखेच राहिले. ही त्याची जमेची बाजू होय. परंतु तपासलेला माणूस एकच होता, आणि प्रयोग करणारा व निर्णय देणाराही तोच होता. शिवाय नेहमीच्या कामात दोन्ही हात सारखे वापरले जात नाहीत. म्हणून एकट्या अंगर ह्यांच्या हातांवरून सर्व मानवजातीविषयी सिद्धांत मांडता येणार नाही. मात्र त्यांचे निरीक्षण वर सांगितलेल्या मोठ्या पाहण्यांशी जुळते, म्हणून त्याला महत्त्व आहे.

ह्या सर्व पुराव्याचे तात्पर्य असे, की निरोगी माणसाने सहज आणि वेदना न होता बोटे मोडल्याने संधिवात होतो, असे दिसून आलेले नाही.

सर्व आवाज एकसारखे नसतात

सांध्यांतून येणारा प्रत्येक आवाज बुडबुड्याचा असतो, असे मात्र समजू नये. खुर्चीतून उठताना किंवा जिना चढताना गुडघ्यातून ‘करकर’ ऐकू येते. ह्या आवाजाला वीस मिनिटांची विश्रांती लागत नाही. प्रत्येक हालचालीसरशी तो पुन्हापुन्हा येतो. खांद्याजवळ किंवा घोट्याजवळ एखादी शिर हाडाच्या उंचवट्यावरून सरकल्यानेही ‘टक्’ असा आवाज होतो. तरुण व निरोगी माणसांतही असे आवाज होतात, आणि वेदना नसेल तर सामान्यतः त्यांची काळजी करण्याचे कारण नसते.

तथापि कूर्चा झिजून तिचा पृष्ठभाग खडबडीत झाला, तरीदेखील अशीच करकर होते. अमेरिकेतील ३,४९५ व्यक्तींवर काही वर्षे लक्ष ठेवून केलेल्या एका पाहणीत असे आढळले, की ज्यांच्या गुडघ्यांत वारंवार करकर होत असे, त्यांना पुढे वेदनायुक्त झिजेचा विकार होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक होती. येथेही कारण आणि चिन्ह ह्यांत भेद केला पाहिजे. करकरीमुळे गुडघा झिजला असे नव्हे. झीज सुरू झाल्याची सूचना करकरीने दिली, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

खरा धोका कोठे आहे?

बोटे सहज मोडण्याने अपाय होत नसला, तरी सांध्यावर अमर्याद बळ लावणे सुरक्षित नाही. बोटे मोडताना अतिरिक्त जोर लावल्यामुळे अस्थिबंध दुखावल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. ती विरळ आहेत. पण दुखत असताना सांधा वाजवण्याचा हट्ट धरू नये, एवढा बोध त्यांवरून अवश्य घ्यावा. दुसऱ्याची बोटे खेळाखेळात पिरगाळणे हेही ह्याच कारणासाठी टाळावे.

मानेचा विचार तर सर्वस्वी वेगळा केला पाहिजे. भारतात केस कापून झाल्यावर डोक्याची मालिश करताना गिऱ्हाइकाची मान एकदम एका बाजूस फिरवून ‘कडकन’ वाजवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. काही माणसे स्वतःच हनुवटीला हात लावून मान वाजवतात. मानेतही बुडबुड्याचाच आवाज होत असला, तरी मानेची रचना बोटासारखी नाही. मानेत सात मणके असून त्यांपैकी वरच्या सहा मणक्यांच्या बाजूंस छिद्रे असतात. त्या छिद्रांतून मेंदूच्या मागील भागास रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या वर चढतात. मान झटक्याने फिरवल्यास क्वचित प्रसंगी ह्या रोहिणीच्या आतील अस्तरास चीर पडते. तेथे रक्ताची गुठळी होते, ती मेंदूकडे जाते आणि पक्षाघात होऊ शकतो. मानेच्या मणक्यांमधून मज्जारज्जूही जातो आणि हातांकडे व श्वासपटलाकडे जाणारे मज्जातंतू तेथूनच निघतात. असा अपघात नित्य घडत नाही हे खरे. पण घडल्यास त्याचे परिणाम आयुष्यभर भोगावे लागतात, आणि त्या बदल्यात मिळणारे सुख क्षणिक असते. म्हणून ज्याला मानेच्या रचनेचे शिक्षण नाही, अशा माणसाकडून मान वाजवून घेऊ नये. मान वाजवल्यानंतर चक्कर, तीव्र डोकेदुखी, दृष्टिदोष, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बोटांच्या सांध्यांचे काही विकार असे आहेत, की त्यांत वेळीच उपचार होणे अत्यंत आवश्यक असते. झिजेचा संधिवात बहुधा उतारवयात हळूहळू येतो. दाहक संधिवात मात्र तरुणपणीही येऊ शकतो. ह्यात शरीराची स्वसंरक्षणाची यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात आणि मोकळी होण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. सांधे सुजतात, ऊन लागतात, दुखतात. बहुधा दोन्ही हातांत एकाच वेळी. उपचार न झाल्यास बोटे कायमची वाकडी होतात. आज ह्या विकारावर परिणामकारक औषधे उपलब्ध असून ती लवकर सुरू केल्यास सांध्यांची हानी पुष्कळ अंशी टाळता येते.

बोटे मोडण्याविषयीचा जुना समज येथे प्रत्यक्ष नुकसान करू शकतो. ‘लहानपणी बोटे मोडली, त्याचे हे फळ,’ असे म्हणून एखादी गृहिणी किंवा एखादा कारागीर सुजलेले सांधे निमूटपणे सोसत राहतो. दोष आपलाच आहे अशी समजूत झाल्यामुळे डॉक्टरांकडे जाणे लांबते आणि उपचाराचे पहिले मोलाचे महिने वाया जातात. वस्तुतः हा विकार त्या सवयीचे फळ नव्हे, आणि तो मुकाट्याने सोसण्याचेही कारण नाही.

तेव्हा सांध्याच्या आवाजाबरोबर आणखी काय आहे, हे पाहावे. आवाज आहे पण वेदना, सूज किंवा आखडलेपणा नाही, तर चिंता नको. आवाजाबरोबर वेदना होत असेल, सांधा सुजला असेल, मध्येच अडकत असेल, मार लागल्यानंतर आवाज येऊ लागला असेल किंवा सकाळचा आखडलेपणा काही आठवडे टिकला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सांधा आवाज करीत नाही पण सुजलेला आहे, तरीही दाखवावे. कारण रोगाचे चिन्ह सूज हे आहे, आवाज नव्हे.

वर्गात किंवा वाचनालयात बोटे मोडणाऱ्यास इतरांना त्रास होतो म्हणून थांबावयास सांगणे योग्यच आहे. तो शिष्टाचाराचा भाग झाला. परंतु त्यासाठी त्याला म्हातारपणाच्या रोगाची भीती घालण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला इशारा आपुलकीने दिलेला असतो. तरीही तो पारखून घेणे हा त्याचा अनादर नव्हे. बोटांविषयीचा इशारा पारखला असता टिकला नाही. मानेविषयी सावधगिरी बाळगावी, हे मात्र त्याच पारखीतून निष्पन्न झाले.